पाणमांजर आणि सासऱ्यांचा केक

चष्मेवाल्याचं दुकान नाल्याकडे पाठ करून उभं होतं. पुढच्या अंगाला फ्रेमा, आरसे, भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणारी अक्षरं. मागचं दार उघडलं की पायऱ्या, गवत आणि पाणी. गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाला मागच्या पायरीवर. बगळा दिसला, कर नोंद. बेडूक ओरडला, कर नोंद. आसपासच्या प्राण्यांची माहिती गोळा करणारं एक मंडळ होतं, तिकडे मोबाइलवरून नोंदी पाठवायचा त्याला भारी सोस. हौस दांडगी, नजर बेताची, आणि धंदा चष्म्याचा.

मागे एकदा त्याने दुर्मिळ कासवाची नोंद पाठवली होती. फोटो झकास होता. काळीभोर गोल पाठ, उन्हात चमकणारी. मंडळाच्या प्रमुख पक्षीबाई गमबूट चढवून स्वतः पाण्यात उतरल्या आणि ट्रकच्या चाकाची ट्यूब घेऊन वर आल्या. हवा भरायचं तोंड फोटोत नव्हतं, कारण याने फोटो जरा सुबक दिसावा म्हणून कडेने कापला होता. त्याच संध्याकाळी मंडळात नियम झाला, की यापुढे नोंदीचा फोटो अख्खाच हवा, कापलेला चालणार नाही. आणि चष्मेवाल्याचं नाव पडलं ट्यूबकासव. लोक दुकानात येऊन फ्रेम नाकावर चढवता चढवता विचारायचे, नंबर तुम्हीच तपासता ना, मग राहू द्या, पुन्हा कधीतरी येतो.

अशात बातमी आली, की नगरपालिका नाल्यावर स्लॅब टाकून वर गाड्या लावायची जागा करणार. कुणाची हरकत असेल तर सभेत पुराव्यासकट मांडा. चष्मेवाल्याने तिथे पाणमांजर पाहिलं होतं. एकदाच, ओझरतं, पण पाहिलं होतं. मंडळात सांगितलं तर एकाने विचारलं, हवा भरलेलं होतं की रिकामं?

पक्षीबाई मनाने मऊ. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा त्यांनी त्याला दिला. त्याने तो पायऱ्यांशेजारच्या झाडाला बांधला. पहिले फोटो आले ते कुत्र्याचे, उडत्या पिशवीचे आणि कॅमेरा चालू आहे का हे बघायला वाकलेल्या चष्मेवाल्याच्याच मागच्या बाजूचे.

सभेच्या आदल्या दिवशी मात्र फोटो बघताना तो एकावर थांबला. पाण्याच्या कडेला पाणमांजर, मागच्या पायांवर उभं, मिशा ओल्या. काय ते रूप. आणि त्याच्या पुढ्यात, पाण्याकडे पाठ करून पायरीवर बसलेले, चष्मेवाल्याचे स्वतःचे सासरे. डोळे मिटलेले, जबडा वासलेला, तोंडात क्रीमचा केक निम्मा आत, निम्मा बाहेर. पाणमांजराची नजर केकवर.

सासू-सासरे त्याच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. सासऱ्यांची साखर वाढली तशी सासूबाईंनी घरातून गोडाचं नाव काढून टाकलं आणि त्यांना रोज सकाळी फिरायला लावलं. म्हातारा इमानाने जायचा. साखर उतरेना. सासूबाईंनी फिरणं वाढवलं. साखर आणखी चढली. डॉक्टरांनी साखर मोजायचं यंत्र बदलून पाहिलं होतं.

कापावं म्हटलं तर नियम आडवा, आणि नियम त्याच्याच कृपेने आलेला. बायको म्हणाली, आईला हे कळलं तर मी माहेरी निघून जाईन. माहेर वरच असल्यामुळे तो फारसा घाबरला नाही. तो तडक सासऱ्यांकडे गेला.

सासऱ्यांनी चष्मा पुसून फोटो बघितला आणि हा आपण नव्हेच म्हणाले. मग त्यांना मागचं जनावर दिसलं.

"हे रोज माझ्या मागे उभं असतं?"

"असेलही, बाबा. पण नाला बुजला की जाईल."

"नाला बुजला की मी कुठे बसू?" म्हातारा विचारात पडला. "दाखव फोटो. फक्त तुझ्या सासूला सभेला येऊ देऊ नकोस."

सभेत सासूबाई पहिल्या खुर्चीवर होत्या, विणकामासकट.

भिंतीवर फोटो उमटला आणि सभागृह खदखदलं. सासरे खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढं सरकले. नगरपालिकेचे साहेब मात्र हसले नाहीत. जागा तुमचीच दिसते, म्हणाले, पण फोटो आत्ताचा कशावरून? तारखा काय, कोणीही फिरवतं. आणि ती ट्यूबची गोष्ट आमच्याही कानावर आहे.

चष्मेवाला खिशात मोबाइल चाचपू लागला. तेवढ्यात सुया खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"यांच्या अंगातला तो स्वेटर मी याच सोमवारी पुरा केला," सासूबाई म्हणाल्या. "वरचं बटण लाल आहे, बाकीची निळी. लाल एकच उरलं होतं. फोटोत बघा." मग मान न वळवता, "अहो, उभे राहा."

सासरे उभे राहिले. अंगात तोच स्वेटर होता. वरचं बटण लाल.

"आणि हा छातीवरचा डाग. मला म्हणाले, बगळ्याने घाण केली. मी त्या बगळ्याला नाही नाही ते बोलले." त्यांनी भिंतीवरच्या केककडे एकवार बघितलं. "साहेब, फोटो खरा आहे. खोटा असता तर मला किती बरं वाटलं असतं."

तज्ज्ञ येऊन पाहणी करेपर्यंत काम थांबवलं, असं साहेबांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. लोक खुर्च्या उचलायला लागले तरी सासरे उभेच, बसा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

पाणमांजराची नोंद पक्की झाली. मंडळातले लोक आता चष्मेवाल्याला मानाने ट्यूबकासव म्हणतात. सासूबाई रोज सकाळी सासऱ्यांच्या बरोबर फिरायला जातात आणि वाटभर बोलतात, त्यामुळे साखर उतरते आहे.

परवा सासरे चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून एकटेच दुकानात आले. स्क्रू चांगला घट्ट होता.

"जावईबापू, तो कॅमेरा जरा पुलापलीकडे नेऊन लाव ना," ते हळूच म्हणाले. "तिकडेही एखादं असेलच की. बिचारं नोंदीवाचून राहायला नको."

चष्मेवाल्याने उगाचच स्क्रू आवळल्यासारखं केलं. स्वेटरच्या खिशातून क्रीमचा वास येत होता. त्याची त्याने नोंद केली नाही.