चार आणे दुखणं

देवरावशी बोलायचं तर त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. कामठीत पस्तीस वर्षं त्यानं पावरलूमवर काढली, त्या खटखटाटात दोन्ही कान गेले, आता तो समोरच्याचे ओठ पाहून समजून घेतो. लूमवरची माणसं तशीही तोंडापेक्षा बोटांनीच जास्त बोलतात. दोन बोटं दाखवली की चहा, मूठ दाखवली की माग बंद पडला. मी मधुकर, त्याचा शेजारी. कामठी ते नागपूर सवारी ऑटो चालवतो. माझा आवाज मोठा आणि डोकं गरम, म्हणूनच आमचं जमलं असावं.

देवरावच्या घरात सिकलसेल आहे. विदर्भात हा आजार कोणाला नवा नाही. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं अशी ठणकतात की धडधाकट माणूस गुरासारखा ओरडतो. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात तो अर्धा-अर्धा होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता. थोरला प्रशिक नवव्या वर्षी गेला. त्यानंतर दोन महिने देवराव भिंतीकडे तोंड करून पडून होता. जेवत नव्हता, बोलत नव्हता. त्याची बायको भीमाबाई लोकांकडे पोळ्या लाटून घर रेटत होती. मग धाकट्या, सहा वर्षांच्या पिंकीचे पाय दुखायला लागले, तपासणी झाली, तिलाही तेच निघालं. तेव्हा कुठे देवराव उठून बसला.

उठला तो पोरीचाच झाला. तिच्या गोळ्या, तिची पाण्याची बाटली, हिवाळ्यात तिचं स्वेटर, सगळं त्याच्याकडे. दुखण्याचं मापही त्यानंच काढलं. आपल्याकडे आजाऱ्याला विचारतात ना, रुपयात किती आणे आराम आहे म्हणून? यानं ते उलटं केलं. किती आणे दुखतं, ते विचारायचा. त्याला ऐकू येत नाही म्हणून पिंकी बोटांनी सांगायची, एका बोटाचा एक आणा. "किती वं?" तो दारातून विचारायचा आणि तिची चार बोटं वर व्हायची. कधी तीन. पाचाच्या वर ती क्वचितच गेली.

मला याचं फार कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. ऑटोतल्या सवाऱ्यांना मी सांगत सुटायचो की बाप असावा तर असा. दवाखान्यात डॉक्टर पिंकीला विचारायचे, "दहापैकी किती दुखतं?" तिनं तोंड उघडायच्या आत देवराव सांगून मोकळा, "चार आणे, साहेब." तिथल्या समुपदेशक शोभाताई महिन्यातून एकदा सिकलसेलच्या घरांची बैठक घ्यायच्या. त्या बैठकीतही हा पुढे बसून नव्या आईबापांना शिकवायचा, "पोराले आण्यात विचारा. बराबर सांगते."

गेल्या वर्षी पिंकी सव्वीसची झाली. नागपुरात सदर भागातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात ती कामाला होती, दिवसभर उभी. एकदा तिला पाय ओढत येताना पाहून मी म्हणालो, "काय वं पिंकी, नवीन चप्पल चावून राहिली का?" ती हसली. मीही हसलो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दिवाळीनंतर एक दिवस तिला दुकानाची पायरीच उतरता येईना. मीच तिला उचलून ऑटोत घातलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि देवरावला समोर बसवून सावकाश सांगितलं. खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नव्हतं, ते आतून खचलंय. दीड-दोन वर्षं तरी हे चाललं असणार. वेळेत कळलं असतं तर काही करता आलं असतं. आता सांधा बदलावा लागेल आणि या आजारात तेही जोखमीचंच.

"इतकं दुखत असताना तुम्ही आम्हाला चार आणे कसं सांगत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीच सांगत होती, साहेब," देवराव म्हणाला आणि पिंकीकडे पाहायला लागला. तिनं मान वर केली नाही.

घरी आल्यावर भीमाबाईनं तोंड उघडलं. मी तिथेच होतो. "मले माहीत होतं," ती म्हणाली. "पोरगी उशी चावत होती."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमच्या तोंडाकडे पाहून कोण सांगन? प्रशिक गेला तेव्हा तुम्ही कसे पडले होते, ते पाहिलं ना तिनं. बाबा पुन्हा तसे पडले तर काय करू, म्हणते."

देवराव बाहेर आला आणि माझ्या ऑटोच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. मला भयंकर राग आला होता. मायलेकींचा आला आणि सगळ्यात जास्त त्याचा. पोरीवर इतका जीव लावला की तिला कण्हायलाही जागा ठेवली नाही.

पुढच्या आठवड्यात शोभाताईंनी बोलावलं. ऑपरेशनच्या आधी पिंकीचं खरं दुखणं आणि तिच्या मनातली भीती दोन्ही कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

"भाऊ, तुम्ही बाहेर बसा. मी तिच्याशी एकटीशी बोलते."

"मी तिले कधीच एकटं सोडलं नाही, मॅडम," देवराव म्हणाला.

"म्हणूनच सांगते."

त्यानं सवयीनं पिंकीच्या हातांकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले होते. शोभाताईंनी दार लावलं.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. आतून आधी शोभाताईंचाच हलका आवाज येत होता. मग पिंकीचा आवाज चढला. वीस वर्षं ही पोरगी माझ्या ऑटोत बसते आहे, तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नाही सहन होत मले, मॅडम! मरावंसं वाटते मले!" ती हंबरडा फोडून रडत होती. वरांड्यातली माणसं वळून पाहायला लागली. एकट्या देवरावला काही कळत नव्हतं. तो माझा चेहरा पाहत होता.

"मधुकर, काही ऐकू येते का गा?"

'नाही' माझ्या ओठावर आलंच होतं. असंच 'काही नाही' म्हणत सगळ्यांनी या माणसाला आजवर अंधारात ठेवलं होतं. मी त्याच्याकडे नीट वळलो.

"रडून राहिली."

"लय?"

"लय."

"काय म्हणते?"

"सहन होत नाही म्हणते. मरावंसं वाटते म्हणते."

तो ताडकन उठला. दारापर्यंत गेला, कडीला हात घातला. मी अडवलं नाही. मग त्यानंच हात काढून घेतला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला.

"अजून रडते का?" त्यानं विचारलं.

"हाव."

"रडू दे."

पाऊण तास तो दर दोन मिनिटांनी मला तेच विचारत राहिला आणि मी दर वेळी त्याला खरं सांगत राहिलो.