बॅटरीवरचं भस्म
ओल्या भस्माचा वास आला की लातूरचं ते शोरूम आठवतं. बॅटरीच्या वॉरंटीचा शेवटचा दिवस होता आणि बंद पडलेली गाडी आम्ही ढकलत आणली होती. दसऱ्याच्या पूजेत वडिलांनी बॅटरीवर ओढलेले भस्माचे तीन पट्टे वाळून घट्ट बसलेले, बॅटरीचा नंबर नेमका त्या पट्ट्यांखाली. "नंबर दिसल्याबिगर बदलून देता येत न्हाई. सहाला शटर पडंल," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "मग पुसा की!" मी वडिलांवर खेकसलो. "देवाचं हाय रं ते," ते पुटपुटले. मग खांद्यावरचा पंचा ओला करून, डोळे मिटून, त्यांनीच पट्टे पुसले. नंबर दिसला, नवी बॅटरी मिळाली. तिच्यावर मात्र त्यांनी कधीच भस्म लावलं नाही. आता दसऱ्याला मी लावतो, नंबर सोडून.