चिकूच्या झाडाला जामीन

गावात कुणाचं संत्रं फळत नसेल, कुणाचा लिंबू रुसला असेल, तर चंद्र खाल्ला जाईपर्यंत थांबायचं आणि फिदेलिया उक हिला बोलावणं धाडायचं. रीत जुनीच. ग्रहण लागलं की एकजण कोयता उगारून झाडाला दम देतो, "फुकट खातोस, आज तोडतोच तुला!" आणि दुसरं कुणीतरी खोडामागून गयावया करतं, "नको रे, येत्या वर्षी देईल, मी जामीन." जामीन मिळाला नाही तर झाड तिथंच आडवं करायचं. फिदेलिया अशी काही विनवायची की कोयतेवालाच डोळे पुसायचा. आणि झाडं तिचा शब्द राखत.

तिची स्वतःची कूस उजवली नव्हती. सासू, दोन्या पास्तोरा, अलीकडे शेजारच्या गावातल्या एका विधवेचं नाव घेऊ लागली होती. "दोन पोरं आहेत तिला. म्हणजे फळणारी आहे."

त्या संध्याकाळी चंद्र खाल्लेलाच उगवणार, असं रेडिओने सांगितलं होतं. पूर्वेला फिदेलियाच्या घरचं परसू शेवटचं, पुढे मक्याचं मोकळं रान. म्हणून सगळं गाव त्यांच्याच दगडी गडग्यावर येऊन बसलं. चंद्र वर आला तो तांबूस, कुरतडलेला. पोरांनी पातेली बडवली, कुत्र्यांचे कान पिळून त्यांना रडवलं, म्हणजे चंद्राला खाणाऱ्या मुंग्या भिऊन पळतील.

पास्तोराने परसातल्या चिकूकडे बोट केलं. लेकाच्या, हासिंतोच्या, लग्नात तिनेच लावलेलं झाड.

"हासिंतो, घे कोयता. आज घरचंच झाड."

"दोन्या पास्तोरा, दम कुणाला, झाडाला की सुनेला?" गडग्यावरून बेनितो ओरडला.

"दोघांनाही एकच भाषा कळते!"

गडगा हसला. फिदेलिया खोडामागे गेली. तिथे दाट वेल होता, तिनेच चढवलेला. वेलाखाली काय आहे ते तिला आणि हासिंतोला ठाऊक होतं. रानातल्या चिकूंना नागमोडी चरे पाडून चीक काढायचं काम बंद असलं की हासिंतो या झाडाला मागून तसंच चिरायचा आणि चीक विकून दारू प्यायचा. झाड बिचारं जखमा भरण्यातच दमायचं. ती नवऱ्याला झाकत आली होती.

"इतकी वर्षं पाणी प्यालास," आई शिकवेल तसं हासिंतो म्हणत होता, "एक फळ नाही दिलंस. देणार की तोडू?"

आता तिची पाळी. वर्षाची मुदत मागितली, तर वर्षभर सगळं गाव तिच्या पोटाकडे बघणार. आणि मग विधवा.

"बोल गं!" पास्तोरा खेकसली. "चंद्र मोकळा होईल तिकडे!"

फिदेलियाने वेल धरून ओढला. खोडावर खालपासून वरपर्यंत नागमोडी चरे उघडे पडले.

"मी जामीन राहत नाही," ती म्हणाली. "झाडाला काय विचारता? हे कुणी केलं ते विचारा."

पातेली थांबली. पास्तोरा कंदील घेऊन मागे आली. तिने चऱ्यांवरून बोट फिरवलं, मग लेकाकडे पाहिलं.

"हासिंतो?"

फिदेलियाही बघत होती. एक शब्द, बस. 'मी केलं' एवढं म्हणाला असता, तर ती पुन्हा खोडामागे जाऊन रात्रभर रडली असती त्याच्यासाठी.

हासिंतोने कोयता या हातातून त्या हातात घेतला.

"पावसाने पडले असतील," तो म्हणाला.

"पाऊस बरा नागमोडी पडतो रे तुमच्याकडे!" बेनितो म्हणाला. या खेपेला कुणी हसलं नाही.

पास्तोराने कंदील खाली घेतला. "पावसानेच," ती म्हणाली. "जामीन नाही. घाल घाव, हासिंतो."

फिदेलिया घरात गेली. माहेराहून आणलेली तिची निजायची जाळीची झोळी दोन भिंतींच्या मध्ये टांगलेली होती. तिने एका कडीची गाठ सोडली आणि थांबून कान दिला. बाहेर कोयता पडत नव्हता.

तिने दुसरी गाठ सोडायला घेतली.