पूर्ण एकमत

आढावेबहाद्दराने उभ्या आयुष्यात औषधाचा एकही प्रयोग केला नव्हता. दुसऱ्यांनी राबून केलेले प्रयोग गोळा करायचे, चाळायचे आणि वर निकाल द्यायचा, याला वैद्यकात पद्धतशीर आढावा म्हणतात. इमानाने केलं तर मोलाचं काम. पण मेडिकल कॉलेजांत बढतीसाठी छापलेले लेख मोजायला लागले आणि असले आढावे कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले. ह्या पठ्ठ्याने तर जेवणाच्या टेबलावरच कारखाना काढला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

नियम असा, की चाळणी दोघांनी वेगवेगळी करायची आणि मग ताडून पाहायची. दुसरा माणूस आणायचा कुठून? बायको डॉक्टर होतीच, मुलांपायी दवाखाना सोडून घरी बसलेली. दर लेखात दुसरी परीक्षक म्हणून तिचं नाव छापून यायचं. तिने एक ओळही वाचलेली नसायची. नाव दिसतंय म्हणून तिलाही बरं वाटायचं, हेही खरं.

मग झोपेच्या एका गोळीचा आढावा निघाला. निकाल काय, तर म्हाताऱ्यांना निर्धोक! ती गोळी त्याने मोठ्या दिमाखात स्वतःच्या वडिलांनाच सुरू केली. सासरे पहाटे झोकांडी जाऊन पडले, खुबा मोडला आणि त्यांनी अंथरूण धरलं. त्यांची उठबस करता करता तिने तो आढावा पहिल्यांदा वाचला, मग मूळ प्रयोगही काढून वाचले. ज्या प्रयोगांत म्हातारे पडले होते, नेमके तेच गाळलेले. का गाळले, त्याचं चकार शब्दाने कारण नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेरच्या एका डॉक्टरनेही तीच शंका काढली आणि कॉलेजने चौकशी बसवली.

"तू फक्त हो म्हण," नवरा म्हणाला. "माझ्या बढतीचा प्रश्न आहे."

"आणि बाबा?"

"बाबांचं वयच झालंय गं."

त्या क्षणी तो माणूस तिच्या मनातून कायमचा उतरला.

चौकशीच्या खोलीत अध्यक्षांनी लेख पुढे सरकवला. "चाळणीत दोघांचं पूर्ण एकमत झालं, असं लिहिलंय. खरं आहे?"

"सर, संसारात आमचं पंख्याच्या वेगावरसुद्धा कधी एकमत झालं नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. ती हसली नाही.

"मी काहीच वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर माझे सासरे आज चालत असते. दोषी म्हणून त्याच्याबरोबर माझंही नाव लिहून घ्या."