टायरचा वेढा

सातशे वर्षांपूर्वीच्या परक्या पराभवाचं सुतक आजही पाळणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो साडू म्हणून माझ्याच गळ्यात पडावा, याला मागच्या जन्मीच्या पापापलीकडे काही कारण मला सापडत नाही. कारंजा घाडग्याला हायवेवर आमच्या साडभाऊंचं टायरचं दुकान. एकदा त्यांनी मोबाईलला तोंडी विचारलं, "टायर की पूरी जानकारी," आणि मोबाईलने त्यांना टायर नावाच्या समुद्राकाठच्या शहराच्या वेढ्यात नेऊन सोडलं. धर्मयुद्धं, किल्ले, क्रूसवाले सरदार! साडभाऊ त्यातून परत आलेच नाहीत. त्यांचा जीव जडला तो दवाखानेवाल्या सरदारांवर. हे लोक आधी यात्रेकरूंसाठी दवाखाना चालवायचे, मग तलवार धरून लढायलाही लागले. जेरुसलेम हरले, आक्रा हरले, पुढे ऱ्होड्स हरून माल्टाला गेले, पण जातील तिथे पुन्हा दवाखाना उभा केला. "काय मानसं होती, साडभाऊ!" असं, मलाही साडभाऊच म्हणत, ते हातातला पाना खाली ठेवायचे, आणि समोर पंक्चर झालेला ट्रक ताटकळत असायचा.

अल्लीपूरच्या एका लग्नात, ऐन पंगतीत, त्यांनी सुस्कारा सोडला, "आक्रा गेलं न जी शेवटी."

पलीकडच्या म्हातारीचा घास हातातच राहिला. "कोन गेलं बापा? बिमार होते का?"

"नाई माय. लढता लढता गेलं. मदतीले कोनी आलं नाई."

"आजकाल कोन कोनाचं असते!" म्हणून तिने डोळ्याला पदर लावला. साडभाऊंना जन्मात पहिल्यांदा समदुःखी भेटलं. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

मग त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती झाली. ताईंचं अन्न तुटलं होतं, आणि डॉक्टर आशा लावत नव्हते. साडभाऊ दुकान बंद करून वॉर्डात येऊन बसले आणि सरदारांचा नियम त्यांनी तिथे लागू केला: रोगी तो मालक, आपण त्याचे चाकर. शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "मालक, पानी देऊ?" जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला तो माणूस, मालक कुठे आले म्हणून दाराकडे पाहू लागला. सरदारांचे रोगी चांदीच्या ताटात जेवायचे म्हणून यांनी घरचं चांदीचं ताट आणलं आणि त्यात दवाखान्याची पातळ खिचडी वाढली.

"मालक, दोन घास खा."

ताई हसल्या. "अवो, मालक तं तुमी. जल्मभर मीच म्हनून राह्यली तुमाले. लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. तुमी फक्त जेवा."

बायकोला त्यांनी 'तुमी' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचं मन राखायला ताईंनी एक घास घेतला. पुढे पुढे तोही जाईना. ताट तसंच परत यायचं, आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

पोळ्याच्या सुमाराला ताई गेल्या.

तेरवी झाल्यावर मी कारंज्याला गेलो. साडभाऊ दुकानात गप्प बसून होते. ज्या बडबडीने मला वर्षानुवर्षं जीव नकोसा केला, तीच ऐकायला आता कान आसुसले होते. म्हणून मी मुद्दाम चुकीचं बोललो, "साडभाऊ, ते सरदार पयले माल्टाले गेले अन् मंग आक्राले, नाई का?" एरवी एवढ्यावर त्यांनी खडू घेऊन फरशीवर नकाशा काढला असता.

"असन," ते म्हणाले.

मला राहवेना. "अन् माल्टाले त्याईनं दवाखाना काही काढला नाई म्हनते."

साडभाऊ रस्त्यावरच्या ट्रककडे बघतच बोलले.

"कायले काढतीन, साडभाऊ?"

मग त्या सरदारांचं जेवढं लक्षात राहिलं होतं तेवढं, चुकतमाकत, मीच त्यांना सांगत बसलो. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे.