मुलगी घरी येणार, पण व्हिजिट व्हिसावर

मंडळी, आज दुपारी आमच्या कंपनीत व्हिसाची कामं बघणारे कुट्टीभाई माझ्या टेबलाशी आले. "खलास, साब. बेटी छह महीने से ज़्यादा बाहर रह गई. व्हिसा कॅन्सल."

नेहा सतरा वर्षांची आहे. एक्स्चेंज स्टुडंट म्हणून वर्षभरासाठी ऑस्ट्रियाला गेलीय. नाताळच्या सुट्टीत ती घरी यायची होती. "आधी व्हेनिस बघून घे, शारजा कुठे पळून जातंय?" असं तिची आई म्हणाली आणि आम्ही सगळेच हसलो. ती व्हेनिसला गेली, घरी आलीच नाही.

सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की रेसिडेन्स व्हिसा रद्द, हा नियम इथे शारजात कोणाला ठाऊक नाही? पण तो भारतात जाऊन राहणाऱ्यांसाठी, असंच आमच्या डोक्यात बसलं होतं.

आता आधी व्हिजिट व्हिसा, मग पुन्हा रेसिडेन्स. मिळेल का? कुट्टीभाई फक्त "इन्शाल्ला" म्हणतात. नाही मिळाला तर तिची बारावी इथे होणार नाही.

संध्याकाळी नेहाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बट बाबा, आय वॉज बॉर्न हिअर!" ऑस्ट्रियातून बोलतानाही तिचं 'हिअर' म्हणजे शारजाच.

तुमच्यापैकी कोणाच्या मुलांवर ही वेळ आली होती का? व्हिसाचं काय ते कुट्टीभाई बघतील. मुलांना तुम्ही काय सांगितलंत, तेवढं कळवा.