आप्पांना गिअर शिकवले

गिअर कधी बदलायचा, हे मी आमच्या आप्पांना शिकवलं. आप्पा म्हणजे माझे सासरे. कामगारांची ने-आण करणारी कंपनीची बस त्यांनी तीस वर्षं चालवली होती.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिथे काय कधी करायचं, याचा प्रत्येक मशीनवर एक कागद असतो. पेट्रोल वाचावं म्हणून तसाच एक मी आमच्या गाडीतही चिकटवला. वीसला दुसरा, तीसला तिसरा, पंचेचाळीसला चौथा, साठला पाचवा. (लॅमिनेशन करून!)

आप्पा मीटरकडे कधी बघायचेच नाहीत. कानाने गिअर टाकायचे.

"सूनबाई, इंजिनच सांगतं की, त्याला काय हवंय."

"इंजिनाला काय कळतंय, आप्पा? कागदावर बघा."

आप्पांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं!

पुढच्या रविवारी मारुंजीला त्यांच्या बहिणीच्या नातीचा साखरपुडा होता. नवरा शिफ्टला. स्टेअरिंगवर आप्पा, शेजारी मी, मागे सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर बासुंदीचं पातेलं. आप्पांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. स्वतः गाडी चालवत बहिणीच्या दारात उतरायचं, एवढा एकच थाट त्यांनी आयुष्यात केला.

निघाल्यापासून त्यांचा एक डोळा मीटरवर, दुसरा कागदावर. रस्त्यावर कोणता होता, देव जाणे! उड्डाणपुलाचा चढ लागला, पुढचा टेम्पो रेंगाळला आणि चौथ्यातली आमची गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडू लागली.

"आप्पा, खालचा टाका!"

"वर कधी जायाचं तेवढंच लिवलंय. खाली यायचं न्हाई कागदावर."

गाडी बंद! त्यांनी चालू करून पहिला टाकला, रेस दिली आणि मी सवयीने ओरडले, "रेस कमी! पेट्रोल!" बिचाऱ्यांनी पाय उचलला. पुन्हा बंद! गाडी हातभर मागे, बासुंदी हातभर पुढे.

"अगं, चपलेत गेली माझ्या!" सासूबाई किंचाळल्या.

मागे ट्रेलर अडकला होता. त्याचा ड्रायव्हर उतरून आप्पांच्या खिडकीशी आला. "बाबा, नवीन शिकताय का? जमत नसेल तर बाजूला बसा की राव!"

आप्पांनी हँडब्रेक ओढला. उतरले, वळसा घालून आले, माझं दार उघडलं.

"घे, तूच चालव."

मारुंजीत आत्याबाई दारातच होत्या. "दादा, ड्रायव्हर ठेवला व्हय रं?" मांडव हसला. आप्पाही हसले. मी उरलेल्या बासुंदीचं पातेलं घेऊन आत पळाले.

घरी येऊन मी तो कागद कात्रीने कापला (लॅमिनेशन हाताने फाटत नाही) आणि आप्पांची माफी मागितली.

"तुझं काय चुकलं? वय झालं आता माझं," ते म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

तेव्हापासून आप्पा बहिणीकडे बसने जातात. ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात. आमची गाडी त्यांच्याशिवाय कुणी काढायचंच नाही; ती पार्किंगमध्ये उभी असते आणि तीन महिन्यांत पेट्रोलचा काटा तसूभरही हललेला नाही. एवढी बचत आमच्या अख्ख्या कारखान्यात कुणाला जमलेली नाही. मी एकटीने करून दाखवली!